कोर्टातला मोफत वकील: मावशीच्या ग्रॅच्युइटीच्या केसचा आमचा अनुभव (5 पैकी साडेतीन)

आधीच सांगते, हा रिव्ह्यू जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा आहे, म्हणजे कोर्टाच्या आवारात जे मोफत वकील देणारं ऑफिस असतं ना, ते. आमचा जिल्हा कोणता ते लिहीत नाही, कारण पुढे एका वकील साहेबांबद्दल जे लिहिणारे ते वाचून अख्ख्या बार रूमला कळेल कोण ते, आणि मी ज्या मेडिकलमध्ये कामाला आहे ते कोर्टाच्या गेटासमोरच आहे, साहेब ॲसिडिटीच्या गोळ्या आमच्याकडूनच नेतात.

तर केस माझ्या मावशीची. मावशी एका मंगल कार्यालयाच्या किचनमध्ये 2003 पासून स्वयंपाकाला होती. लग्नसराईत तिथंच झोपायची, बाकी दिवस डबे आणि मेस. जुलै 2022 ला मालकाच्या मुलाने कारभार हातात घेतला आणि सगळं किचन केटररला देऊन टाकलं, मावशीला म्हणाला उद्यापासून येऊ नका. 19 वर्षं. हातात शेवटच्या महिन्याचा पगार 9100 आणि एक साडी. साडी पण बस्त्यातली उरलेली वाटत होती, पण ते जाऊ दे.

ग्रॅच्युइटी, म्हणजे बरीच वर्षं काम केल्यावर नोकरी सुटताना मालकाने द्यायची रक्कम, असलं काही असतं हे मावशीला माहीत नव्हतं, मलाही नुसतं ऐकून माहीत होतं की मोठ्या कंपनीत मिळते. तर तसं नाहीये. ज्या ठिकाणी 10 किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं 1972 चा कायदा लागायचा आणि 5 वर्षं सलग झाली असतील तर शेवटच्या पगाराला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि जितकी वर्षं झाली त्याने गुणायचं. मावशीचा हिशोब मी कॅल्क्युलेटरवर केला तेव्हा 99750 आले आणि मी तीनदा परत केला कारण एवढे येतील असं वाटलंच नव्हतं. मालकाच्या मुलाकडे दोनदा गेलो, एकदा म्हणाला दिवाळीनंतर बघू, दिवाळीनंतर म्हणाला तुम्ही रोजंदारीवर होता तुमचं कसलं काय. खासगी वकिलाला विचारलं तर त्यांनी 25 हजार सांगितले, निम्मे आधी. त्यांची चूक नाही म्हणा, त्यांचंही पोट आहे, पण मावशीकडे तेव्हा 25 हजार असते तर ती भांडायला गेलीच नसती, ती म्हणाली असती जाऊ दे.

मग मार्च 2023 मध्ये आम्ही प्राधिकरणात गेलो.

पहिल्या दिवसाचा अनुभव बेक्कार. टेबलावरचा माणूस म्हणाला उत्पन्नाचा दाखला आणा, 3 लाखांच्या आत पाहिजे. झालं, चार दिवस सेतूत. एक दिवस सर्व्हर डाऊन, एक दिवस तलाठ्याचा अहवाल नाही, एक दिवस सुट्टी. मावशीचे त्या चार दिवसांचे पोळ्यांचे पैसे गेले (ती तेव्हा दोन घरी पोळ्यांना जायची). पाचव्या दिवशी दाखला घेऊन गेलो तर त्या टेबलावर दुसऱ्या एक ताई होत्या, त्या म्हणाल्या दाखला कशाला आणला, बायकांना उत्पन्नाची अट नाहीच! आणि भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर ढळढळीत बोर्ड. महिला, मुलं, अनुसूचित जाती जमाती, दिव्यांग, कोठडीतले कैदी, औद्योगिक कामगार, पूर भूकंप दुष्काळातले लोक, मानवी तस्करी नाहीतर वेठबिगारीत अडकलेले, यांना उत्पन्न कितीही असो मोफत. 3 लाखांची अट उरलेल्यांसाठी, ती पण आपल्या महाराष्ट्राची, सुप्रीम कोर्टाला 5 लाख आहे. त्या बोर्डाच्या खालच्या बाकावर आम्ही पुढं दीड वर्षात इतके तास बसलोय की मला तो पाठ झालाय, 1987 चा कायदा, 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू, घटनेचं कलम 39 अ, सगळं. स्वतःच्या ऑफिसच्या भिंतीवर लिहिलेलं टेबलावरच्या माणसाला माहीत नसावं याचा अर्धा स्टार मी कापलाय.

पण त्या ताई. त्यांच्यासाठी मी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला. त्या वकील नाहीत, विधी स्वयंसेवक आहेत, तिथं सगळे पीएलव्ही म्हणतात. रोज येत नाहीत, त्यांच्या ड्युट्या लावलेल्या असतात आणि मानधन इतकं किरकोळ की त्या स्वतः शिवणकाम करून हे करतात. त्यांनी मावशीला विचारलं कागद काय काय आहेत. मावशी म्हणाली काहीच नाही, नेमणुकीचं पत्र नाही, पीएफ कापला नाही, 2017 पासून पगार बँकेत यायला लागला तेवढं पासबुक. ताई म्हणाल्या आधीची 14 वर्षं पगार कसा मिळायचा? मावशी म्हणाली पाकिटात. ताई म्हणाल्या पाकिटं टाकलीत? आणि मावशी थोडी लाजली, म्हणाली नाही, मागची बाजू कोरी असते ना, त्यावर प्रमाणं लिहायला ठेवलीत.

घरी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, मी लहानपणापासून बघितलेला, मला वाटायचं त्यात सुईदोरा असेल. त्यात खाकी पाकिटं, रबर लावून, वर्षावर्षाची. काही वर्षं नाहीतच, 2005 ची उंदराने खाल्लेली, तरी 112 निघाली. पुढून दिवाणजींच्या अक्षरात निळ्या पेनाने, "मावशी किचन, मार्च 08, 2400". मागून मावशीच्या वळणदार चौथी पास अक्षरात, 300 पानं, तांदूळ 25 किलो, गोडा मसाला इतका, काजू पाहुणे बघून. ताईंनी दुसऱ्या दिवशी एकेक पाकीट उलटंपालटं करून बघितलं, महिन्याप्रमाणे लावलं, एका वहीत यादी केली आणि म्हणाल्या मावशी, ही तुमची नेमणूकपत्रं. अर्ज पण त्यांनीच लिहून घेतला, उशीर झालाय म्हणून उशीर माफीचा अर्ज सोबत लागेल हे पण त्यांनीच सांगितलं. एक रुपया नाही.

आता वकील. आठ दहा दिवसांत पॅनलवरचे, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतले, एक वकील नेमल्याचं पत्र आलं. साहेब मोठ्या वयाचे, बोलायला गोड. फाईल बघितली न बघितली, म्हणाले मावशी कागद नाहीत हो, पाकिटं काय कोणीही लिहील, काही होणार नाही, पण टाकू आपण. टायपिंग आणि झेरॉक्सचे म्हणून 1500 घेतले, पावती नाही. मी तेव्हा दुकानात होते, मावशीने मला संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं असेल बुवा, टायपिंगला लागत असतील.

मग सुरू झालं. एप्रिल ते ऑक्टोबर. फोन केला की "साहेब कोर्टात आहेत", मी समोरच दुकानात उभी असल्यामुळे मला दिसायचं की साहेब कोर्टात नाहीत, चहाच्या टपरीवर आहेत. तारखेला मावशी सकाळी साडेदहाला जाऊन बसायची, आमचं कामगार न्यायालय दुसऱ्या टोकाला, रिक्षाचे 60 जायला 60 यायला, आणि दुपारी कळायचं की पुढची तारीख पडली. ऑक्टोबरमध्ये मी सुट्टी काढून गेले आणि रोजनामा (कोणत्या तारखेला काय झालं याची कोर्टातली नोंद) बघायला मागितला तर तीन तारखांना अर्जदारातर्फे वकील गैरहजर. मावशी हजर होती हो त्या तिन्ही दिवशी! बाकावर बसलेली! तिला कोणी सांगितलंच नाही की पुकारा झाला की उभं राहून मी आहे म्हणायचं असतं.

इथं बरेच लोक सोडून देतात. आमच्या दुकानात येणाऱ्या दोघीतिघींनी मला सांगितलंय, फुकटचा वकील असाच असतो, फुकटात काय मिळणार. मीपण तेच धरून चालले होते. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्य आहे, पॅनलच्या वकिलाला सरकार जे मानधन देतं ते खासगी फीच्या पासंगालाही पुरत नाही आणि तेही टप्प्याटप्प्याने मिळतं, त्यामुळे काही जण मनापासून करतात आणि काही जण पॅनलवर नाव आहे एवढ्यावर खूश असतात. पण पुढचं जे आहे ते कोणी सांगत नाही, म्हणून मी जाड अक्षरात लिहिल्यासारखं समजा: वकील बदलून मिळतो. हे मला त्याच ताईंनी सांगितलं, नोव्हेंबरमध्ये भेटल्या तेव्हा. म्हणाल्या 1500 दिले? एक रुपया द्यायचा नसतो, कोर्ट फी, टायपिंग, काहीही असो, ते सगळं प्राधिकरणाकडे. लिहून द्या सचिवांना. मावशी घाबरली, म्हणाली साहेबांच्या पोटावर कशाला पाय. ताई म्हणाल्या बरं पैशांचं नका लिहू, तारखांचं तर लिहा.

सचिव म्हणजे कारकून नाही, न्यायाधीशच असतात ते. आम्ही एक पानी अर्ज दिला, तीन तारखा, रोजनाम्याची नक्कल जोडून. पैशांचं पण लिहिलं शेवटी, मी लिहिलं, मावशीला न सांगता. तीन आठवड्यांत दुसऱ्या वकील मॅडम नेमल्या. आणि 1500 परत आले, आमच्या दुकानात एका पोराच्या हाती, पाकिटात! पाकिटावर काही लिहिलेलं नव्हतं, मावशीने तेही डब्यात ठेवलं.

वकील मॅडम माझ्याच वयाच्या. पहिल्या भेटीत त्यांनी मावशीला नुसतं बोलू दिलं, पाऊण तास, आणि मध्येच विचारलं की ही दिवाणजींची सही अजून कुठं असेल? म्हणजे पाकिटावरचं अक्षर दिवाणजींचं आहे हे सिद्ध कसं करायचं. मावशीला कळेना. मला कळलं. त्या कार्यालयात अर्ध्या गावाची लग्नं झालीत, बुकिंगची पावती दिवाणजीच फाडायचे. माझ्या मैत्रिणीच्या आईने लग्नाच्या अल्बमच्या मागच्या खिशात 2009 ची पावती ठेवली होती, हळदीचा डाग असलेली. अजून दोन मिळाल्या, एक 2012 ची आणि एक मुंजीची. तेच निळं पेन, तसाच "म", तसाच 4 उघड्या डोक्याचा. मॅडमनी त्या पाकिटांच्या शेजारी ठेवल्या आणि काही बोलल्या नाहीत, फक्त चहा मागवला.

मालकाच्या बाजूने म्हणणं आलं की आमच्याकडे सहाच माणसं कामाला होती त्यामुळे कायदा लागतच नाही, आणि अर्जदार बाई लग्नाच्या दिवसांपुरत्या यायच्या. सहा माणसांचं खंडेनवमीच्या फोटोने मिटवलं, दरवर्षी भांड्यांची पूजा करून सगळा स्टाफ फोटो काढायचा, 2014 च्या फोटोत 14 जण मोजून. मग मावशीची उलटतपासणी झाली. मावशी रात्रभर झोपली नव्हती. त्यांच्या वकिलांनी विचारलं, पाकिटावर तुमचं नाव कुठंय, मावशी काय शंभर असतात. मावशी म्हणाली, साहेब तिथं मला नाव नव्हतंच, मालकीणबाईपण मावशीच म्हणायच्या. त्यांनी विचारलं तुम्ही रोज काम करत होता याला काय पुरावा. तर मावशी म्हणाली पाकिटामागे बघा ना, आषाढात लग्नं नसतात, त्या महिन्यात पण प्रमाण लिहिलंय, मेसचं, 40 पानं. मला तेव्हा मावशीला उचलून घ्यावंसं वाटलं. मॅडमनी आधी शिकवलं होतं का असं मी नंतर विचारलं, त्या म्हणाल्या अजिबात नाही, मला स्वतःला आषाढाचं सुचलं नव्हतं.

पुढची तारीख दिवाणजींच्या साक्षीची होती. दिवाणजी आता सत्तरीचे, मालकाकडेच आहेत अजून. त्यांना उभं करून पावत्या दाखवायच्या असं ठरलं होतं, आणि त्या तारखेच्या आधीच समोरून निरोप आला की लोकअदालतीत ठेवू, मिटवून टाकू.

लोकअदालतीबद्दल थोडं वेगळं लिहिते, कारण तिथं माझं मत मिश्र आहे. वर्षातून चारेकदा राष्ट्रीय लोकअदालत असते, शनिवारी, आमची डिसेंबर 2024 ची. मंडप, खुर्च्या, टेबलावर पॅनल, बँकेवाल्यांची तर जत्राच असते. आमच्या पॅनलवर एक निवृत्त न्यायाधीश, एक वकील आणि एक समाजसेविका. इथं जो निवाडा होतो तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणजे सही केली की संपलं, दोन्हीकडून. हे मॅडमनी सहीच्या आधी दोनदा सांगितलं, पॅनलवरच्यांनी एकदाही नाही, ते आपले मिटवा मिटवा, मावशी तुमचं वय झालं, कशाला चकरा, असं चाललेलं. त्यांना आकडा हवा असतो, किती प्रकरणं निकाली, दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. मुलाने 60 हजारांपासून सुरुवात केली. मॅडम म्हणाल्या मूळ रकमेत एक रुपया कमी होणार नाही, दिवाणजी बाहेर बसलेत, आत बोलावू का. मग 75, मग 90, मग पूर्ण 99750. व्याज कायद्याने 10 टक्के धरलं तर अडीच वर्षांचं साधारण 23 हजार होत होतं, त्यावर तो अडला. शेवटी 1 लाख 5 हजारांवर मिटलं, दोन चेक. म्हणजे वरचे अठरा हजार सोडले.

मला ते अजून टोचतं. मी मॅडमना म्हणाले पण, त्या म्हणाल्या निकाल लागला असता तर व्याज मिळालं असतं असं माझं मत आहे, पण मग ते वर जातील, अजून दोन वर्षं, निर्णय मावशींचा. मावशीने सही केली आणि मुलाला म्हणाली आईला सांग मावशीने विचारलंय. मी काय बोलणार. पगार किमान वेतनापेक्षा कमी होता तो मुद्दा पण मॅडमनी आधी काढला होता, त्यात तर मावशीला जायचंच नव्हतं. दोन्ही चेक वटले.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. जिल्ह्याच्या ठिकाणी जायची गरज नाही, तालुका कोर्टातपण तालुका विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज दिला तरी चालतो. 15100 हा हेल्पलाईन नंबर आहे, मी दोनदा लावला, एकदा लागला, माहिती नीट दिली. फौजदारी केस असेल, घरातलं कोणी आत असेल, तर 2022 पासून बऱ्याच जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालय सुरू झालंय, त्यातले वकील पूर्णवेळ तेच काम करतात, खासगी केसेस घेत नाहीत, आमच्या गल्लीतल्या एका पोराचा जामीन त्यांनी केला आणि त्याची आई अजून त्यांचं नाव काढते. केस टाकायच्या आधीच समोरच्याला बोलावून मिटवायचं असेल तर दाखलपूर्व म्हणून अर्ज करता येतो, भाड्याच्या डिपॉझिटसारख्या भांडणांना ते बरं पडतं. मुंबईत असाल तर बायकांसाठी मजलिससारख्या संस्था पण आहेत, आमच्याकडे तसलं काही नाही, आमच्याकडे हेच एक. आणि बायकांनो, उत्पन्नाचा दाखला मागितला तर भिंतीवरचा बोर्ड दाखवा.

तारखेला स्वतः जा. पुकारा झाला की उभं राहा, नाव सांगा. रोजनामा बघायला लाजू नका. कोणी पैसे मागितले तर पावती मागा, पावती म्हटलं की बरेचदा पैशांचा विषयच निघत नाही.

स्टारचा हिशोब: ताईंना 5, दुसऱ्या वकील मॅडमना 5, सचिवांना 4 (तीन आठवडे लागले म्हणून एक कमी), पहिल्या साहेबांना काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा, बाथरूमला शून्य, बायकांच्या बाथरूमला कडीच नाही, 1987 चा कायदा आहे म्हणे. सरासरी काढली तर साडेतीन येत नाही मला माहितीये, माझा रिव्ह्यू आहे.

एक काम अजून बाकी आहे. 112 पाकिटं कोर्टाच्या फाईलला लागलीत आणि मावशीला ती परत पाहिजेत. पैसे आले, केस मिटली, तिचं त्यात लक्षच नाही, रोज विचारते पाकिटं कधी देणार, कारण फेब्रुवारीत तिने एका बारशाची 150 पानांची ऑर्डर घेतली होती आणि मसालेभाताचं प्रमाण 2011 च्या कुठल्यातरी पाकिटामागे आहे. मूळ कागद परत मिळण्याचा अर्ज मॅडमनी टाकलाय. बारशाला तिने अंदाजाने केला भात, सगळे छान म्हणाले, ती म्हणते मीठ कमी होतं.